‘होते तसे’ म्हणजे कसे? : कोल्हापूरचे एक नाट्यगृह आणि करमणुकीचा हक्क

‘करमणूक’ या शब्दाला मराठी समीक्षेत फारसा मान नाही. ‘निव्वळ करमणूक’ असे म्हटले की त्या कलाकृतीची बोळवण झाली, असे आपण समजतो. वर्गात शिकवतानाही रंजन आणि प्रबोधन अशी जोडी लावून पहिल्याला दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे करण्याची आपली सवय आहे. परंतु हा शब्द ज्या क्रियापदापासून आला, ते ‘करमणे’ मोठे अर्थगर्भ आहे. सासरहून पहिल्यांदा माहेरी आलेल्या मुलीला आई विचारते, ‘करमतं का गं तिकडे?’ वसतिगृहात नव्याने दाखल झालेला मुलगा पहिल्याच आठवड्यात घरी कळवतो, ‘करमत नाही.’ या दोन्ही ठिकाणी मौजमजेचा काही संबंध नाही. एखाद्या जागी जीव रमतो की नाही, ती जागा आपली वाटते की नाही, एवढेच विचारलेले किंवा सांगितलेले असते. ‘करमणूक केंद्र’ या सरकारी वळणाच्या शब्दप्रयोगाकडेही या अर्थाने पाहिले, तर एक वेगळीच कसोटी हाती लागते. ते केंद्र बांधले किती खर्चाने आणि केवढे, हे पुढचे प्रश्न. तिथे कोणाला करमते आणि कोणाला करमत नाही, हा पहिला प्रश्न.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली आपल्या साप्ताहिकाला ‘करमणूक’ हेच नाव दिले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे ठेवली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. बालविधवेच्या दुःखाची कथा ‘करमणूक’ नावाच्या पत्रात यावी, यात त्या काळच्या वाचकांना विसंगती वाटली नाही. योगायोग असा की, त्याच १८९० साली कोल्हापुरात दोन मुले जन्माला आली. एक केशवराव भोसले, दुसरे बाबूराव पेंटर. मराठी संगीत रंगभूमी आणि मराठी चित्रपट या दोन्ही कलांच्या घडणीत या दोघांचा वाटा किती मोठा आहे, हे नव्याने सांगायला नको. त्यांपैकी केशवरावांचे नाव ज्या वास्तूला आहे, ते कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती.

आगीनंतर शहरात जी चर्चा सुरू झाली, तिचा मुख्य सूर ‘होते तसेच पुन्हा उभे करा’ असा होता. रंगकर्मींची, रसिकांची आणि वारसा जपू पाहणाऱ्यांची ही मागणी स्वाभाविक होती. लगेच दुसरे प्रश्नही पुढे येऊ लागले. दगडी भिंती आगीच्या तापानंतर किती भार पेलतील? छप्पर लाकडी असावे की लोखंडी? आसने वाढवावीत की रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यातली जवळीक राखावी? वाहनतळ, वातानुकूलन, अग्निसुरक्षा यांचे काय? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु ते सगळे ‘कसे’ या एका प्रश्नार्थक शब्दाभोवती फिरतात. ‘होते तसे’ या दोन शब्दांत जो इतिहास दडलेला आहे, तो उलगडला तर ‘कोणासाठी’ हा प्रश्न टाळता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

कोल्हापुरात सार्वजनिक करमणुकीची जागा म्हणजे थिएटर, हे समीकरण तसे अलीकडचे. त्याआधी, आणि त्यानंतरही, पेठेतल्या माणसाची हक्काची जागा म्हणजे तालीम. तालीम हा शब्द व्यायामशाळा या अर्थाने वापरला की त्याचा निम्मा अर्थ गळून जातो. तांबड्या मातीचा हौदा, हळद-ताक-तेल घालून मऊ केलेली ती माती, भिंतीवर मारुतीचे चित्र, दाराशी कट्टा, आणि त्या कट्ट्यावर पेठेतल्या भांडणतंट्यांपासून निवडणुकांपर्यंत सर्व गोष्टींचा निकाल. गणपती तालमीचा, मोहरमचा पंजाही तालमीचा. कोल्हापूरच्या कित्येक तालमींत हिंदू घरांतली मंडळी पंजे बसवत आली आहेत. पुढे या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले आणि पेठापेठांमधील ईर्ष्या हौद्यातून मैदानात आली. तालीम कोणी योजून बांधलेली नसते. पेठ राहत असते आणि राहता राहता तिची तालीम होते. तिथे वर्गणी असते, तिकीट नसते.

ही पेठेपुरती असलेली आपलेपणाची भावना संबंध संस्थानाच्या पातळीवर नेण्याचा प्रयत्न छत्रपती शाहू महाराजांनी केला, असे म्हणता येईल. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त महाराज युरोपात गेले होते. त्या प्रवासात रोम येथे पाहिलेल्या कलोसियमवरून त्यांना कुस्त्यांच्या मैदानाची कल्पना सुचली, हे सर्वश्रुत आहे. १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले. गामाचे बंधू इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती त्या मैदानातली पहिली मोठी कुस्ती म्हणून सांगितली जाते.

कलोसियम आणि खासबाग यांची तुलना नेहमी कौतुकाने केली जाते, पण त्यांतला फरक अधिक बोलका आहे. रोमच्या त्या वास्तूत कोणी कुठे बसायचे, हे माणसाच्या दर्जावरून ठरलेले असे. उमराव खाली, आखाड्याजवळ, आणि गरीब, गुलाम, स्त्रिया वर, दूर. खासबागेची रचना बशीसारखी आहे. मध्ये हौदा, आणि भोवती मातीचा उतार चढत गेलेला. राजघराण्याची बैठक वेगळी होती, हे खरे. परंतु उताराच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्याचा अडथळा न होता डाव दिसावा, हा त्या रचनेमागचा हिशेब होता. तीस हजारांहून अधिक माणसे तिथे बसू शकतात. ही माणसे कोण होती? एवढी माणसे एकट्या कोल्हापूर शहरातून येणे त्या काळी शक्यच नव्हते. ती आजूबाजूच्या गावांतून, बैलगाड्या जोडून आणि पायी येत. मल्लही बहुधा गावांतलेच. गावच्या जत्रेतल्या नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून खासबागेत नाव पुकारले जाणे, हा एका शेतकऱ्याच्या पोराच्या आयुष्यातला केवढा मोठा प्रवास होता, हे या भागात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकापर्यंत पोहोचले, त्या वाटेची सुरुवात कराडजवळच्या एका खेड्यातल्या मातीत आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आहे. त्यांना परदेशी पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले होते.

खासबागेला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभे राहिले. हेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळातले हे थिएटर. गायकनटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा आणि नजरेच्या आड खांब यायला नको, या दोन गरजांतून त्याची घडण झाली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्यानंतर जवळजवळ पाऊण शतक मराठी नाटक बहुतांशी वाड्यांच्या चौकांत, तात्पुरत्या मांडवांत आणि उसन्या जागांत वाढले. दक्षिण महाराष्ट्रात त्याला असे भक्कम, स्वतःचे घर मिळणे ही मोठी घटना होती.

इतिहासकारांनी या दोन वास्तूंचा उल्लेख बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत केलेला आढळतो. खासबाग क्रीडेच्या प्रकरणात, थिएटर कलेच्या प्रकरणात. परंतु नकाशावर पाहिले तर त्या एकमेकींना पाठ लावून उभ्या आहेत. एकीत दंगल, दुसरीत ख्याल आणि नाट्यपद. एकीत मातीवर बसलेले हजारो, दुसरीत खुर्चीवर बसलेले शेकडो. कुस्तीचा शौकीन आणि गाण्याचा दर्दी ही दोन निराळ्या थरांतली माणसे असतात, हा समज मुंबई-पुण्याच्या सांस्कृतिक इतिहासातून आपल्या डोक्यात बसला आहे. कोल्हापुरात तो टिकत नाही. अल्लादियाखाँसाहेब दरबारी गायक असलेल्या शहरात, कुस्तीचे वेड असलेल्याच राजाने दोन्ही जागा शेजारी शेजारी बांधल्या. २०२४ च्या आगीत खासबाग मैदानाकडील व्यासपीठही जळाले, तेव्हा या जुळ्या वास्तूंचे नाते शहराला नव्याने दिसले.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. संस्थानिकाने बांधलेल्या थिएटरात ‘सार्वजनिक’ ते काय? तो दरबारी औदार्याचा एक नमुना नव्हे काय? हा आक्षेप सहज बाजूला सारण्यासारखा नाही. ‘सार्वजनिक’ ही गोष्ट त्या काळात तयार मिळत नव्हती, ती घडवावी लागत होती. ज्या दशकात ही दोन बांधकामे झाली, त्याच दशकात १९१७ साली महाराजांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ साली शाळा, दवाखाने, पाणवठे, धर्मशाळा, कचेऱ्या अशा ठिकाणी अस्पृश्यांना इतरांच्या बरोबरीने वागवावे, असे हुकूम काढले. गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून देणे आणि लवाजम्यासह तिथे थांबून स्वतः चहा पिणे, ही गोष्ट आपण पुष्कळदा हळव्या स्वरात सांगतो. तिच्यातला राजकीय अर्थ निराळा आहे. एखादी जागा सर्वांची आहे असे फलकावर लिहिल्याने ती सर्वांची होत नाही, कोणीतरी तिथे जाऊन बसावे लागते, हे महाराजांना कळले होते. खासबाग आणि पॅलेस थिएटर या वास्तूंचा अर्थ या हुकुमांच्या शेजारी ठेवूनच लावला पाहिजे.

त्याचबरोबर त्या ‘सर्वां’मधून कोण वगळले गेले, हेही नोंदवायला हवे. तालीम, खासबाग या पुरुषांच्या जागा होत्या. रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत, आणि ज्या काळात थिएटर बांधले गेले त्या काळात नाटकाला येणारी स्त्री ही संख्येने थोडी, वेगळ्या बैठकीत बसणारी आणि बहुधा शहरातली असे. ‘होते तसे’ म्हणताना हेही ‘होते’ त्यात येते. म्हणून १९१५ हे साल आदर्श म्हणून जसेच्या तसे उचलता येत नाही. त्या सालाने जी दिशा दाखवली, ती मात्र उचलता येते. दरवाजा अधिकाधिक उघडत नेण्याची ती दिशा होती.

स्वतः केशवरावांचे चरित्र या दिशेचा पुरावा आहे. अगदी लहान वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. शाळा त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. ‘शारदे’तल्या स्त्रीभूमिकेपासून वीररसाच्या पुरुषभूमिकांपर्यंत त्यांचा पल्ला होता. मामा वरेरकरांसारख्या नव्या नाटककारासाठी त्यांनी आपला रंगमंच खुला केला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजरामर झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. पांढरपेशा शिक्षणाचा आधार नसलेला एक मुलगा संगीत रंगभूमीच्या शिखरावर जातो, याचे श्रेय त्याच्या गळ्याला आहेच. पण ज्या गावात गाणे आणि नाटक ही केवळ एका थराची मिरास नव्हती, त्या गावालाही ते द्यावे लागेल. पॅलेस थिएटरला पुढे त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा राजवाड्याच्या नावाची जागा एका नटाच्या नावाने घेतली. नामांतराचा हा अर्थ फारसा कोणी बोलून दाखवत नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थान गेले, प्रजेचे नागरिक झाले. १८५४ पासून असलेल्या नगरपालिकेचे १९७२ साली महानगरपालिकेत रूपांतर झाले, आणि नाट्यगृह महानगरपालिकेच्या मालकीची वास्तू म्हणून चालत राहिले. लोकशाहीच्या दृष्टीने ही प्रगतीच. परंतु या स्थित्यंतरात एक गोष्ट नकळत घडली. संस्थानची हद्द पन्हाळ्यापासून शिरोळपर्यंत पसरलेली होती, महानगरपालिकेची हद्द शहराच्या वेशीवर थांबली. ज्या दरबाराने या वास्तू उभ्या केल्या, त्याचा खजिना मुख्यतः शेतसाऱ्यावर चालत असे. म्हणजे या वास्तूंचा दगड आणि चुना गावांच्या घामाचा होता. आज त्या वास्तूंचे भाडे किती, तारखा कोणाला, नूतनीकरण कसे, हे ठरवणाऱ्या सभागृहासाठी गावांना मत नाही.

गडमुडशिंगी हे अशा गावांपैकी एक. कोल्हापूरच्या आग्नेयेला, हुपरीच्या वाटेवर, शहरापासून दहा किलोमीटरच्या आत वसलेले करवीर तालुक्यातले गाव. १९३९ साली राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत उजळाईवाडीला विमानतळ झाला. त्याच्या अलीकडच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीची जमीन घेण्यात आली. शहराच्या हद्दवाढीचे जे प्रस्ताव वेळोवेळी पुढे आले, त्यांत या परिसरातल्या गावांची नावे येत राहिली. १९७२ नंतर दशकामागून दशके गेली तरी हद्द वाढली नाही, कारण गावांनी विरोध केला. शेती जाईल, घरफाळा वाढेल, सोयी मात्र येणार नाहीत, ही त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. २०१७ साली हद्दवाढीच्या ऐवजी ४२ गावांचे कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. गाव शहरात घ्यायचे की नाही, या वादाची दोन्ही बाजूंची भाषा कर, बांधकाम परवाने, पाणी आणि रस्ते यांची आहे. गावाने शहरात यायचे ते नाटकाला, गाण्याला, मैदानाला, हा विषय त्या वादात कुठेच येत नाही. धावपट्टीसाठी गाव जवळचे आणि रंगमंचासाठी लांबचे, असा हा व्यवहार आहे.

करमणुकीची जागा ही माणसाच्या प्राथमिक गरजांपैकी आहे, असे म्हटले की पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटते. गडमुडशिंगीच्या पंचक्रोशीतच याचा एक विलक्षण दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियापासून मध्य आशियापर्यंत हाकलले गेलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून वळिवडे येथील छावणीत राहिले. १९४८ पर्यंत ती छावणी होती. देश हातचा गेलेला, घरातली पुरुषमाणसे आघाडीवर किंवा मेलेली, आणि परतीचा भरवसा नाही. अशा स्थितीत त्या माणसांनी बराकींच्या त्या वसाहतीत शाळा, चर्च आणि दवाखाना यांच्याबरोबरच स्काउटची पथके, गाणी, नृत्ये आणि नाटके यांचीही व्यवस्था लावली. ते सगळे हवे होते, कारण परक्या मुलखात करमायला हवे होते. पुढे त्याच जागी फाळणीने उखडलेले सिंधी लोक आले आणि गांधीनगर वसले. ज्यांच्याजवळ काही उरले नव्हते, त्यांनी करमणूक ही चैनीची बाब मानली नाही. ज्यांच्याजवळ नाट्यगृह आहे, त्यांनी ती तशी मानावी काय?

आता पुन्हा ‘होते तसे’कडे वळू. या घोषणेला जगाच्या इतिहासात एक प्रसिद्ध पूर्वज आहे. १९०२ च्या जुलैमध्ये व्हेनिसच्या सान मार्को चौकातला घंटामनोरा कोसळला, तेव्हा ‘कोमेरा, दोवेरा’, म्हणजे ‘होता तसा, होता तिथे’, अशी घोषणा तिथल्या नगरपालिकेने दिली. १९१२ साली, म्हणजे खासबाग मैदान तयार झाले त्याच वर्षी, तो मनोरा पुन्हा उभा राहिला. १९९६ साली त्याच शहरातले ला फेनिचे हे संगीतनाट्यगृह जळाले आणि तीच घोषणा पुन्हा घुमली. वास्तुरचनाकार आल्दो रोस्सी यांच्या आराखड्यानुसार ते बांधताना अंतर्भागाच्या तपशिलांसाठी विस्कोंती यांच्या ‘सेन्सो’ या १९५४ च्या चित्रपटातली दृश्ये उपयोगी पडली, कारण त्या चित्रपटाचा आरंभीचा प्रसंग त्याच नाट्यगृहात चित्रित झाला होता. २००३ च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडले. नक्षी, सोनेरी मुलामा, सज्जे, सगळे जागच्या जागी आले. मात्र या अर्धशतकात व्हेनिसच्या जुन्या शहरातली वस्ती झपाट्याने ओसरत गेली आणि पर्यटकांची गर्दी वाढत गेली. नाट्यगृह होते तसे झाले. त्याच्या भोवतीचे गाव होते तसे राहिले नाही. वास्तूची हुबेहूब प्रतिकृती करता येते, प्रेक्षकाची करता येत नाही, एवढा धडा त्यातून घेता येईल.

याउलट पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे उदाहरण आहे. २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या जन्मदिनी, ते खुले झाले. पु. ल. देशपांडे यांनी त्याच्या उभारणीत जातीने लक्ष घातले होते. ते न जळता, न कोसळता, त्याच्या जागी मोठे संकुल बांधण्याचा प्रस्ताव २०१८ पासून पुढे आला आणि कलावंतांनी, रसिकांनी त्याला विरोध केला. तिथे वाद ‘चांगले आहे ते का पाडता?’ असा होता, कोल्हापुरात ‘जळाले ते कसे उभारता?’ असा. दोन्ही वादांत वास्तूवरचे प्रेम खरे आहे. परंतु दोन्हीकडे ज्यांचा आवाज ऐकू येतो ती माणसे आधीच नाट्यगृहाच्या आत असलेली आहेत. नट, निर्माते, व्यवस्थापक, नियमित प्रेक्षक. जो कधी आत आलाच नाही, त्याला विचारण्याची रीत आपल्याकडे नाही.

कोल्हापूरला वास्तू गमावण्याचा अनुभव नवा नाही. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत १९४८ साली भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. २०२२ साली त्याच स्टुडिओच्या जागेच्या विक्रीवरून शहरात आंदोलन झाले. पहिल्या खेपेला आगीने नेलेले परत आणता आले, कारण तिथे काम करणारी माणसे होती. दुसऱ्या खेपेला वास्तू धड असूनही ती वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले, कारण आतले काम केव्हाच थांबले होते. वापर थांबला की वारसा फक्त भूखंड उरतो.

म्हणून नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीची कसोटी दगड, कमानी आणि छप्पर यांपाशी संपू नये. काळा दगड होता तसा हवा, आवाजाचा गुण होता तसा हवा, याविषयी दुमत नाही. त्यापुढे काही साधे प्रश्न विचारावे लागतील. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेच्या फेऱ्या याच रंगमंचावर होत आल्या आणि हौशी नाटकाचा श्वास त्यांवर चालतो. अशा हौशी संस्थेला परवडेल असे भाडे राहील काय? शनिवार-रविवारच्या तारखांत खेड्यातल्या नाट्यमंडळाचा, शाळेचा, महाविद्यालयाचा काही वाटा राखून ठेवला जाईल काय? रात्री नाटक सुटल्यावर गडमुडशिंगी, हुपरी, वडणगे, शिंगणापूर या बाजूंना परतणाऱ्या बाईला केएमटीची बस मिळेल काय? मुलगा आपल्या मोटारसायकलवरून जाईल, पण त्याच्या आईचे आणि बहिणीचे काय? आणि या सगळ्याविषयी बोलण्यासाठी हद्दीबाहेरच्या गावांच्या प्रतिनिधींना व्यवस्थापन समितीत एखादी खुर्ची असेल काय? यांतल्या कोणत्याही प्रश्नाला फार पैसा लागत नाही. लागते ती ‘आपले’ या शब्दाची हद्द थोडी पुढे सरकवण्याची तयारी.

साहित्याच्या अध्यापकांनी या वादात का पडावे, असेही कोणी विचारील. आपण ‘मानापमान’ शिकवतो, ‘शारदा’ शिकवतो, संहितेतल्या रसांची आणि पदांची चर्चा करतो. समोर बसलेल्या मुलामुलींपैकी कितीजणांनी रंगमंचावर उजळलेला पडदा कधी पाहिला आहे, असा प्रश्न कोल्हापूरच्या आसपासच्या कोणत्याही महाविद्यालयात विचारून पाहावा. वर होणारे हात पुष्कळदा वर्गाच्या एका कोपऱ्यातलेच असतात. बाकीच्यांना नाटक म्हणजे पाठ्यपुस्तकातला एक वाङ्मयप्रकार. त्यांच्यापैकी बहुतेकांचे पणजोबा खासबागेच्या मातीच्या उतारावर कधी ना कधी बसले असतील. शंभर वर्षांपूर्वी गावाहून निघालेला माणूस ज्या भरवशाने त्या उतारावर जागा धरून बसत होता, तो भरवसा त्याच्या पणतीला नाट्यगृहाच्या दारात वाटला पाहिजे. तो वाटला, तर नाट्यगृह होते तसे झाले असे म्हणू. नाही वाटला, तर दगड न् दगड जागेवर बसूनही काम अपुरे राहिले, असेच म्हणावे लागेल.